सात हजार दोनशे किलोमीटरांचा हिशेब

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ साडेनऊ ते दहा तास. तिकीट काढताना हे दोन आकडे डोळ्यांखालून जातात आणि आपण सामानाच्या वजनाकडे वळतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रवास सहा महिन्यांचा होता. तेव्हापासून पृथ्वी तसूभरही आकसलेली नाही. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत. तरीही चार हजारांहून अधिक तासांचा प्रवास दहा तासांवर आला आहे, म्हणजे जवळपास साडेचारशे पटींनी कमी झाला आहे. हे कसं घडलं, कुठे येऊन थांबलं आणि अजून काय शिल्लक आहे, याचा हिशेब मांडला की दोन शहरांमधलं अंतर ही गोष्टच नव्याने दिसायला लागते.

सरळ रेषा कुठून जाते?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ६१ अंश कललेली दिसते. त्या रेघेवरून खरोखर प्रवास केला, तर ७,४०० किलोमीटर कापावे लागतील. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यांत जवळची वाट वेगळी असते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप ज्या वाटेवर बसतो, ती ही वाट. भूगोलाच्या भाषेत तिला बृहद्वृत्त म्हणतात. या वाटेने निघताना मुंबईतून उत्तरेच्या पश्चिमेला सुमारे ४१ अंशांवरच नाक धरावं लागतं आणि अंतर ७,२०० किलोमीटर भरतं. निव्वळ भूमितीमुळे दोनशे किलोमीटर वाचतात, म्हणजे आजच्या विमानाची तेरा-चौदा मिनिटं.

हा दोरा कोणकोणत्या प्रदेशांवरून जातो, ते अक्षांश-रेखांशांवरून काढता येतं. मुंबईहून निघाल्यावर सौराष्ट्र लागतो, मग थेट कराची. पुढे बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग, तेहरानच्या पलीकडून कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक आणि मग कॉकेशस. जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान या तीन देशांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथेच कुठेतरी या वाटेचा मध्यबिंदू आहे. तिथून काळ्या समुद्राचा पूर्व किनारा, क्रिमिया, दक्षिण युक्रेनमधला ओडेसाचा परिसर, पोलंड आणि स्लोव्हाकियाची सीमा, जर्मनी आणि शेवटी इंग्लिश खाडीच्या तोंडाशी येऊन लंडन. ही नावं पुन्हा एकदा वाचावीत. गेल्या काही दशकांत जगाच्या बातम्या व्यापून राहिलेले कितीतरी संघर्ष या एका दोऱ्यावर ओवलेले आहेत. या गोष्टीचा आपल्या प्रवासाच्या तासांशी अगदी रोकडा संबंध आहे. तो शेवटी येईल.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून शाळेत असतो तसा तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल समोर घेऊ. त्यावर मुंबई ते लंडन ही वाट सुमारे १७ सेंटिमीटर भरते. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर उंचीवरून उडतं. या गोलावर ती उंची होते जेमतेम पाव मिलिमीटर. आपण ज्याला आकाशातून जाणं म्हणतो, ते पृथ्वीच्या मापाने तिच्या अंगाला चिकटून सरपटणंच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तेसुद्धा या गोलापासून एक सेंटिमीटर दूर नसतं.

आता उलटा प्रश्न विचारू. पृथ्वीच्या पाठीवरून न जाता तिच्या पोटातून, अगदी नाकासमोर सरळ बोगदा खणला तर? मुंबई ते लंडन बोगद्याची लांबी होईल सुमारे ६,८०० किलोमीटर. वाचतील फक्त चारशे किलोमीटर. पण मध्यावर हा बोगदा जमिनीखाली जवळजवळ १,००० किलोमीटर खोल जाईल. रशियातल्या कोला इथे माणसाने खणलेल्या विवराची विक्रमी उभी खोली आहे १२ किलोमीटरांहून थोडी जास्त. म्हणजे लंडन आपल्याला क्षितिजाच्या पलीकडे वाटतं, पण भूमितीच्या दृष्टीने ते आपल्या पायांखाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून लंडनकडे बोट दाखवायचं असेल, तर बोट क्षितिजाच्या ३२ अंश खाली, जमिनीत रोखावं लागेल.

या कल्पनेतल्या बोगद्याचा आणखी एक चमत्कार गणितज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बोगद्यात हवा नाही, घर्षण नाही आणि पृथ्वीची घनता सगळीकडे सारखी आहे असं धरलं, तर मुंबईच्या तोंडाशी नुसता सोडून दिलेला डबा गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने घरंगळत लंडनला पोहोचेल. इंधनाचा थेंबही न लागता त्याला वेळ लागेल सुमारे ४२ मिनिटं. आणि मुंबई ते पुणे असाच सरळ बोगदा खणला, तरी ४२ मिनिटंच लागतील. जवळच्या शहरासाठी उतार कमी, म्हणून वेगही कमी. दूरच्या शहरासाठी उतार जास्त, म्हणून वेगही जास्त. दोन्हींचा मेळ असा बसतो की पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांना हाच काळ लागू पडतो.

७,२०० हा आकडा आला कुठून?

मुंबई ते लंडन कुणी साखळी टाकून मोजलेलं नाही. एवढी मोठी अंतरं गणिताने काढतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीचा आकार माहीत असला की पुरतं. पण पृथ्वीचा आकार अचूक माहीत होण्यासाठी कुणीतरी जमिनीवर मैलोन्‌मैल मोजणी करावी लागते, आणि त्या मोजणीतला एक मोठा अध्याय आपल्याच भूमीवर लिहिला गेला.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. पुढे हे काम सुमारे ७८ अंश पूर्व रेखांशाला धरून कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सरकत गेलं. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट (कोन मोजण्याचं यंत्र) डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवून एकामागून एक त्रिकोण जोडले गेले. लॅम्बटन यांचा मृत्यू १८२३ साली कामावर असतानाच झाला, आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे. तिथेच त्यांची कबर आहे. काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचलेल्या सुमारे २,४०० किलोमीटरांच्या या कमानीमुळे पृथ्वी किती वक्र आहे आणि ध्रुवांपाशी किती चपटी आहे, हे कळायला मोठी मदत झाली. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्तावर पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांपाशी ६,३५७. फरक २१ किलोमीटरांचा. मोबाइलवर क्षणात उमटणाऱ्या ७,२०० या आकड्यामागे विदर्भाच्या उन्हात थिओडोलाइटच्या भिंगातून पाहणारी आणि तापाने जमिनीवर पडणारी माणसं आहेत.

चालण्याच्या वेगाने सहा महिने

शिडाच्या जहाजाला हे ७,२०० किलोमीटर कधी उपयोगी पडलेच नाहीत. त्याला आफ्रिकेला वळसा घालावा लागे. केप ऑफ गुड होपवरून मुंबई ते लंडन सागरी अंतर भरतं सुमारे १९,८०० किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या पावणेतीन पट. वारा मिळाला तर पाच महिने, न मिळाला तर सहा किंवा त्याहून जास्त. सरासरी काढली तर वेग पडतो ताशी पाच किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो तो हाच वेग. फरक एवढाच की जहाज रात्रंदिवस चालत राही.

या वेगाने मराठी माणसंही लंडनला गेली. रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हनुमंतराव नावाचा वकील पाठवला होता. १७८१ साली तो इंग्लंडमध्ये होता. त्याच्या सोवळ्याओवळ्याची अडचण ओळखून ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी आपल्या बेकन्सफील्डच्या निवासस्थानी त्याची सोय केली, स्वयंपाकपाण्यासाठी बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. पुढच्या शतकात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ साली पदच्युत केल्यावर त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सुमारे चौदा वर्षं तिथे झगडून ते १८५३ साली मायदेशी परतले. पत्राला जायला महिने आणि उत्तराला यायला महिने, अशा काळात दूर देशी राहून एका राज्यासाठी भांडणं म्हणजे काय असेल! केपच्या वाटेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती येईपर्यंत वर्षातले सगळे सण उलटून जात. न्याय मिळण्यातलं अंतर त्या काळी पत्रांच्या फेऱ्यांनी मोजावं लागे.

पहिला मोठा फरक वाफेने पडला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून निघाली आणि महिनाभराने सुएझला पोहोचली. तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्र. आफ्रिकेचा वळसा टपालापुरता तरी टळला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई ते लंडन सागरी अंतर १९,८०० वरून ११,६०० किलोमीटरांवर आलं. शंभर मैलांच्या आसपास लांबीचा एक कालवा आणि वाचलेलं अंतर आठ हजार किलोमीटरांहून जास्त. खणलेल्या प्रत्येक किलोमीटरामागे प्रत्येक जहाजाचे पन्नास किलोमीटर कमी झाले. ज्यूल व्हर्नने १८७२ साली ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी लिहिली, तेव्हा त्याच्या नायकाच्या वेळापत्रकात लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा दिवस असा हिशेब होता. सहा महिन्यांचे वीस दिवस झाले होते.

त्यानंतरची साठ वर्षं हा आकडा सावकाश उतरत राहिला. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. दुसऱ्या परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने निघाले, मार्सेलला उतरून रेल्वेने पुढे गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. दोघांनाही चौदा दिवस लागले. आगबोट आणि रेल्वे यांची मिळून एवढीच पोहोच होती.

या चौदा दिवसांत कोकण आणि गोव्याचा घाम मिसळलेला होता. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकची कामं करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत, खाण्यापिण्याची आणि केबिनची व्यवस्था गोव्याची माणसं पाहत, आणि खाली भट्टीच्या धगीत पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक कोळसा ओढत. प्रवाशांनी लंडनच्या आठवणी लिहिल्या, पण ते अंतर कापून देणाऱ्या या माणसांची नावं पुस्तकांत फारशी आली नाहीत.

दिवसांचे तास होतात

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केलं. वाटेत थोडा प्रवास आगगाडीने, रात्री मुक्काम, असं करत साधारण एक आठवडा लागे. कराचीहून मुंबईला टपाल आणण्याचं काम टाटांच्या हवाई सेवेने अंगावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं ‘पस मॉथ’ विमान स्वतः चालवत कराचीहून निघाले आणि अहमदाबादला इंधन घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. विमानाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या आसपास. वर सांगितलेला ताणलेला दोरा कराचीवरूनच जातो, हे आठवलं की जेआरडींच्या त्या उड्डाणाचं मोल आणखी कळतं. मुंबई ते लंडन या सरळ वाटेचा मुंबईकडचा पहिला तुकडा हवेतून जोडला गेला, तो असा. त्याच साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. घर आणि परदेश यांच्यामधलं अंतर दोन्ही टोकांकडून कमी होऊ लागलं होतं.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते लंडनला पोहोचलं. वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास, आणि प्रवासाचा कालावधी सुमारे चोवीस तास. चौदा दिवसांचा एक दिवस झाला. १९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ आलं आणि जेट युग सुरू झालं. वेग ताशी ९०० किलोमीटरांपर्यंत पोहोचला.

आणि तिथेच थांबला. पासष्ट वर्षांपूर्वीचं बोइंग ७०७ आणि आजचं बोइंग ७८७ यांच्या वेगात प्रवाशाला जाणवेल असा फरक नाही. मधले थांबे गेले, इंजिनं शांत झाली, इंधन कमी लागू लागलं. हवेतला वेग मात्र जिथल्या तिथे राहिला. त्याचं कारण निसर्गात आहे. ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान त्याच्या ८५ टक्के वेगाने जातं. आणखी पुढे गेलं की पंखांवरच्या हवेत आघात-तरंग उठू लागतात, अवरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. कॉंकॉर्ड या प्रवासी विमानाने ती भिंत ओलांडली होती. ताशी २,१८० किलोमीटर वेगाने मुंबई ते लंडन सव्वातीन तासांत होईल. पण शंभर प्रवाशांसाठी त्याच्या टाक्यांत सुमारे ९५ टन इंधन भरावं लागे, आणि एवढं भरूनही त्याचा पल्ला ७,२०० किलोमीटरांच्या आसपासच संपत असे. १९७६ ते २००३ अशी सत्तावीस वर्षं प्रवासी सेवा देऊन ते निवृत्त झालं.

वारा आणि सूर्य

७,२०० ला ९०० ने भागलं तर उत्तर येतं आठ तास. मग तिकिटावर दहा तास का असतात? पहिलं कारण वारा. मध्यम अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा वेग काही ठिकाणी ताशी तीनशे-चारशे किलोमीटरांपर्यंत जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास साधारण तासभर लवकर होतो.

जाताना गमावलेलं येताना परत मिळतं, असं वाटतं खरं, पण गणित तसं नाही. वारा सगळ्या वाटेवर ताशी १०० किलोमीटर आहे असं धरू. जाताना वेग ८०० आणि वेळ नऊ तास. येताना वेग १,००० आणि वेळ सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर बरोबर सोळा तास लागले असते. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि अनुकूल वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो. जाऊन-येऊनच्या प्रवासात वारा नेहमी काहीतरी घेऊनच जातो.

सूर्याचं गणित याहून विलक्षण आहे. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये सुमारे ७३ रेखांशांचं अंतर आहे. दर रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशेबाने ४ तास ५१ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईचं स्वतःचं घड्याळ अगदी एवढंच ग्रीनिचच्या पुढे असे, आणि देशात भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी शहराने ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपला. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीची पाठ ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. लंडनच्या अक्षांशावर ताशी १,०४० किलोमीटर. विमान त्या फिरण्याच्या उलट, सूर्याच्या मागे धावत असतं. साडेनऊ तास उडूनही सूर्याच्या मापाने मधल्या काळात साडेचार-पावणेपाच तासच उलटतात. दुपारी निघालेल्या प्रवाशाची दुपार लांबतच जाते. परतताना हेच उलटं होतं आणि रात्र झपाट्याने सरते. साधारण ५७ अंशांच्या वरच्या अक्षांशांवर पृथ्वीचा वेग ताशी ९०० किलोमीटरांवर येतो. तिथून पश्चिमेकडे जाणारं विमान सूर्याला आकाशात एका जागी रोखून धरू शकतं. लंडन त्या रेषेच्या थोडंच खाली राहतं.

आणि आपण आसनावर निवांत बसलेले असताना पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ताशी १,०७,००० किलोमीटर वेगाने जात असते. साडेनऊ तासांत ती दहा लाख किलोमीटर पुढे सरकलेली असते. सबंध सूर्यमाला आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरते, तिचा वेग धरला तर याच वेळात आपण पाऊण कोटी किलोमीटरांहून जास्त अंतर कापलेलं असतं. त्यातले फक्त ७,२०० आपल्या तिकिटावर मांडलेले असतात.

एका उड्डाणाचं वजन

बोइंग ७८७-९ विमान जास्तीत जास्त २५४ टन वजन घेऊन झेपावू शकतं. तासाला पाच-सव्वापाच टन इंधन धरलं तर मुंबई ते लंडन सुमारे ५० टन जळतं, म्हणजे साठ हजार लिटरांहून जास्त. एक किलो इंधन जळताना हवेतला सुमारे ३.४ किलो प्राणवायू लागतो आणि ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका फेरीत हा वायू भरतो दीडशे टनांच्या वर. तीनशे प्रवाशांत वाटला तर माणशी अर्धा टन, एका बाजूचा. पत्रोत्तरासाठी महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या रंगो बापूजींच्या काळाची किंमत माणसाच्या आयुष्याने चुकवली जाई. आपल्या दहा तासांची किंमत हवा चुकवते आहे. वेग वाढवावा असा विचार करताना हा आकडा डोळ्यांआड होऊ देता कामा नये.

निरोप मात्र माणसांना मागे टाकून कधीच पुढे गेला. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली आणि लंडनचा निरोप आठवड्यांऐवजी त्याच दिवशी मिळू लागला. आज ‘युरोप इंडिया गेटवे’ ही सुमारे १५,००० किलोमीटरांची प्रकाशतंतूंची केबल ब्रिटन आणि मुंबई यांना जोडते. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोपाला एका बाजूला लागतात ७५ मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

उरलेले दोन तास

आता तो दोरा पुन्हा हातात घेऊ. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाची पूर्ण मालकी दिली. त्यामुळे ७,२०० किलोमीटरांची वाट भूगोलात असली, तरी ती उडायला मिळेलच असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्ण खुलं व्हायला जुलै उजाडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांसाठी बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली आणि भारतानेही तेच केलं. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना जास्त बसला. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्राचा आधार असतो. पण परिणाम विचित्र झाला. त्याच दोन शहरांमध्ये ब्रिटिश विमानाला एक वाट उपलब्ध आणि भारतीय विमानाला दुसरी. अंतराला राष्ट्रीयत्व चिकटलं.

याच्या जोडीला दोन्ही टोकांची गर्दी आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि दिवसाला नऊशेच्या वर विमानं तिच्यावरून ये-जा करतात. लंडनच्या हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि उतरण्याआधी विमानं शहराभोवतीच्या चार ठरलेल्या ठिकाणी चकरा मारत आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

म्हणजे दहा तासांची फोड अशी होते. आठ तास निसर्गाचे आहेत. ते ध्वनीच्या वेगाने आणि पृथ्वीच्या आकाराने ठरवले आहेत. उरलेल्या दोन तासांतला काही भाग वाऱ्याचा, बाकीचा माणसांचा. बंद आकाशं, वळसे, रांगा. सहा महिन्यांचे वीस दिवस वाफेने आणि कालव्याने केले, चौदा दिवसांचा एक दिवस पंख्यांच्या इंजिनांनी केला, एका दिवसाचे दहा तास जेटने केले. प्रत्येक वेळी नवं यंत्र आलं आणि अंतर उतरलं. आता यंत्राने आपल्या वाटणीचं काम जवळजवळ संपवलं आहे. इथून पुढे मिनिटं वाचतील ती देशांनी एकमेकांचं आकाश मोकळं ठेवलं तर, विमानतळांची आखणी नीट झाली तर. कराचीवरून, कॉकेशसवरून, क्रिमियावरून जाणारा तो दोरा निर्वेधपणे वापरता आला, तर प्रवाशांचा वेळ वाचेल आणि प्रत्येक फेरीतलं टनभर किंवा काही टन इंधनही वाचेल. लॅम्बटन यांच्या माणसांनी पृथ्वी मोजून दिली, खलाशांनी आणि वैमानिकांनी ती ओलांडून दाखवली. सगळ्यांत जवळची वाट कोणती, हे आपल्याला मीटरपर्यंत ठाऊक आहे. त्या वाटेने जाता येईल असे शेजारसंबंध घडवणं हे आपल्या पिढीच्या वाट्याला आलेलं काम आहे, आणि मुंबई-लंडन अंतर यापुढे कमी होणार असेल तर ते त्यानेच होईल.